दम, श्रम आणि विश्रांती : कुस्ती स्पर्धेच्या तयारीचा शास्त्रीय विचार

‘ताकदीला पोरगा कमी नव्हता, दमात मार खाल्ला.’ कुस्तीच्या मैदानावरून परतणाऱ्या माणसांच्या तोंडी हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले असेल. परंतु दम म्हणजे नेमके काय, तो कशाने वाढतो आणि कशाने घटतो, याचा विचार क्वचितच केला जातो. दम कमी पडला की ‘मेहनत वाढव’ एवढाच सल्ला मिळतो. मुलगा पाचशेच्या जागी हजार बैठका मारू लागतो. महिन्याभरात गुडघा धरतो, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि पुढील स्पर्धेत तो पूर्वीपेक्षाही लवकर थकतो. मग घरचे म्हणतात, ‘हा काही पुढे जायचा नाही’, आणि एक होतकरू मल्ल तालमीची पायरी उतरतो तो कायमचाच.

आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत येणारे काही विद्यार्थी सकाळ-संध्याकाळ तालमीत जातात. त्यांच्याशी व त्यांच्या पालकांशी होणाऱ्या बोलण्यातून या विषयावर काही व्यवस्थित लिहावे असे आम्हांस वाटले. आमचे सांगणे थोडक्यात असे की, मेहनत किती केली याच्याइतकेच ती कोणत्या दिवशी केली, किती तीव्रतेने केली आणि तिच्यातून शरीर सावरले की नाही, याला महत्त्व आहे. विश्रांती हा मेहनतीचाच एक भाग आहे. हे पटले तर निम्मे काम झाले.

माती आणि गादी

महाराष्ट्राला कुस्तीची परंपरा नव्याने सांगावयास नको. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना व तालमींना आश्रय दिला. त्यांच्याच काळात, १९१२ साली, खासबाग मैदान उभे राहिले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींतून पिढ्यान्पिढ्या मल्ल घडले. ही मैदानी कुस्ती मातीवरची. तिच्यात घड्याळाला फारसे स्थान नव्हते. निकाल लागेपर्यंत जोड झुंजत राही, खडाखडी लांबत जाई, आणि समोरच्याला दमवून मग डाव टाकणे ही एक कलाच होती. अशा कुस्तीस लांब पल्ल्याचा दम लागतो.

गादीवरील म्हणजेच मॅटवरील स्पर्धेचे गणित निराळे आहे. आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रौढ मल्लांची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते व मध्ये अवघी तीस सेकंदांची विश्रांती मिळते. सतरा वर्षांखालील गटात फेरी दोन मिनिटांची असते. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत तेथेच संपते. जो मल्ल निष्क्रिय राहतो त्याला पंच ताकीद देतात आणि तरीही तो हलला नाही तर गुण गमावतो. म्हणजे दबा धरून बसण्याची येथे सोय नाही. शिवाय एकाच दिवसात दोन, तीन, कधी चार लढती खेळाव्या लागतात. महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही माती व गादी असे दोन विभाग असतात. तेव्हा आपल्या मुलांना दोन्हींची तयारी ठेवणे भाग आहे.

या संदर्भात खाशाबा जाधव यांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. मातीत वाढलेल्या मल्लाला गादीचा सराव फारसा नव्हता, तरी ही मजल त्यांनी मारली. पुढील चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली. खर्चाची तरतूद लोकवर्गणीतून व हितचिंतकांच्या मदतीने झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण ठेवल्याची हकिकत प्रसिद्धच आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

पण त्याच दिवशी काय घडले, हेही त्यांच्याविषयीच्या लेखनात नोंदलेले आहे. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली दीर्घ लढत खाशाबांनी अगदी थोडक्यात गमावली. त्या काळी एका लढतीची मुदत पंधरा मिनिटे होती. ती लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्याशी खेळण्यास बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता, पण ती मागण्यासाठी भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशी यांना सुवर्ण व मामेदबेयोव्ह यांना रौप्य मिळाले. डाव तोच, ताकद तीच, मल्लही तोच. उणीव होती ती फक्त अर्ध्या तासाच्या विश्रांतीची. त्या अर्ध्या तासात शरीरात काय घडते, ते आता पाहू.

गवत, काटक्या आणि निखारा

चूल पेटविणाऱ्या कोणत्याही माउलीला ठाऊक असते की गवत भडकन पेटते आणि क्षणात विझते, काटक्या थोडा वेळ जोरात जळतात पण धूर करतात, आणि ओंडक्याचा निखारा मंद असला तरी रात्रभर धगधगतो. आपल्या स्नायूंतही शक्ती पुरविण्याच्या अशाच तीन तऱ्हा आहेत.

पहिली गवतासारखी. स्नायूंमध्ये क्रिएटिन फॉस्फेट नावाचे द्रव्य साठविलेले असते. एकेरी पट काढणे, ढाक मारणे, समोरच्याला उचलून फेकणे, अशा क्षणिक स्फोटक हालचालींना ते शक्ती देते. पण पूर्ण जोर लावला तर हा साठा साधारणतः दहा सेकंदांतच बराचसा संपतो.

दुसरी काटक्यांसारखी. स्नायूंत साठविलेली साखर, म्हणजेच ग्लायकोजेन, प्राणवायूची वाट न पाहता भराभर वापरली जाते. अर्ध्या मिनिटापासून एक-दोन मिनिटांपर्यंतच्या जोरकस झटापटीस तिचा आधार असतो. या क्रियेत स्नायूंतील आम्लता वाढते आणि रक्तात लॅक्टेट साचते. विश्रांतीच्या मानाने कुस्तीनंतर रक्तातील लॅक्टेट दहापट किंवा त्याहूनही अधिक वाढलेले आढळते. हात दगडासारखे जड होणे, पकड सुटणे, छाती भरून येणे, ही सारी याच अवस्थेची लक्षणे.

तिसरी निखाऱ्यासारखी. प्राणवायूच्या साहाय्याने साखर व चरबी सावकाश जाळून मिळणारी ही शक्ती तासन्‌तास पुरते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. गादीवरील कुस्ती सहा मिनिटांची, तेव्हा निखाऱ्याचे काय काम, असे पुष्कळांस वाटते. पण संपलेले गवत पुन्हा भरून आणण्याचे काम हा निखाराच करतो. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा अर्ध्या ते एका मिनिटाच्या उसंतीत निम्म्याच्या आसपास भरतो, व जवळजवळ पूर्ण भरण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. ज्याचे हृदय व फुप्फुसे सक्षम असतील त्याचा साठा लवकर भरतो. तीस सेकंदांच्या मधल्या विश्रांतीत एक मल्ल ताजातवाना होऊन उठतो आणि दुसरा तसाच धापा टाकीत राहतो, यातील फरक हाच. लॅक्टेट ओसरण्यास मात्र अर्ध्या तासापासून तासाभराचा अवधी लागतो. खाशाबांना जो अर्धा तास नाकारला गेला त्याचे मोल यावरून कळेल.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक किर्गिझस्तानच्या मल्लाविरुद्ध ०-५ अशी मागे पडली होती. दुसऱ्या फेरीत तिने गुण फिरविले आणि अगदी अखेरच्या क्षणांत ८-५ अशी लढत जिंकून कांस्यपदक मिळविले. त्या दिवशी ती त्याआधीही अनेक लढती खेळून आली होती. अखेरच्या क्षणी डाव टाकण्याइतके बळ अंगात शिल्लक असणे, यालाच खरा दम म्हणावे.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. मेहनतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखते ते लॅक्टेटमुळे नव्हे. ते तर तासाभरातच निघून गेलेले असते. हे दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते व एक ते तीन दिवसांत ते सर्वांत जास्त जाणवते. लढतीनंतर एकदम आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालत राहिल्यास लॅक्टेट लवकर ओसरते.

श्रमाची तीव्रता कशी मोजावी

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. तीन सोपे उपाय आहेत.

पहिला उपाय बोलण्याचा. व्यायाम करताना सलग वाक्ये बोलता येत असतील तर श्रम हलके. तुटक शब्दच निघत असतील तर मध्यम. बोलणेच अशक्य झाले तर कडक.

दुसरा उपाय नाडीचा. २२० मधून वय वजा केले असता हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. सतरा वर्षांच्या मुलासाठी तो २०३ येतो. हलक्या धावेत याच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे १२२ ते १४२ ठोके असावेत. कडक लढतीत ते ९० टक्क्यांवर, म्हणजे १८३ च्या पुढे जातात. थांबल्याबरोबर मनगटावर किंवा मानेवर दहा सेकंद ठोके मोजावेत व सहाने गुणावे. दहा सेकंदांत वीस ते चोवीस ठोके म्हणजे हलके, तीसच्या वर म्हणजे कडक. ही माणसागणिक थोडी बदलणारी आकडेवारी आहे, हे मात्र विसरू नये.

तिसरा उपाय आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटतो. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारावे, ‘आजचे श्रम शून्य ते दहा यांत कितीचे होते?’ शून्य म्हणजे आराम, दहा म्हणजे याहून अधिक शक्यच नव्हते. या आकड्यास आपण श्रमांक म्हणू. श्रमांकास व्यायामाच्या मिनिटांनी गुणले की त्या दिवसाचा भार मिळतो. कार्ल फॉस्टर या अमेरिकी संशोधकाने ही पद्धत रूढ केली व आज अनेक खेळांत ती वापरली जाते. वही आणि पेन्सिल एवढेच साहित्य तिला पुरते.

आठवड्याची आखणी

आता दोन मुलांची कल्पना करू. पहिला रोज एक तास, श्रमांक सहाचा व्यायाम करतो. रोजचा भार ३६०, सहा दिवसांचा २,१६०. दुसऱ्याची आखणी अशी आहे :

सोमवार : कडक लढती, ६० मिनिटे, श्रमांक ८, भार ४८०.
मंगळवार : डावांचा सराव व हलकी धाव, ६० मिनिटे, श्रमांक ४, भार २४०.
बुधवार : ताकदीचा व्यायाम, ६० मिनिटे, श्रमांक ६, भार ३६०.
गुरुवार : सावकाश धाव व अंग मोकळे करणे, ४५ मिनिटे, श्रमांक ३, भार १३५.
शुक्रवार : कडक लढती, ६० मिनिटे, श्रमांक ८, भार ४८०.
शनिवार : डावांचा सराव, ६० मिनिटे, श्रमांक ४, भार २४०.
रविवार : पूर्ण सुट्टी.

दुसऱ्याचा एकूण भार १,९३५ भरतो, म्हणजे पहिल्यापेक्षा कमीच. तरीही स्पर्धेत दुसराच सरस ठरण्याचा संभव अधिक. कारण पहिल्याचा एकही दिवस स्पर्धेइतका कडक नाही आणि एकही दिवस शरीर सावरेल इतका हलका नाही. तो रोज थोडा थकलेलाच असतो. दुसरा मात्र कडक दिवशी ताज्या अंगाने उतरतो आणि खरोखर कडक खेळू शकतो. कडक दिवस कडकच असावा आणि हलका दिवस हलकाच असावा, हे सूत्र मुलांनी पाठ करून ठेवावे. पुष्कळांची चूक अशी होते की हलक्या दिवशी सोबत्याच्या ईर्षेने ते जोर करतात आणि कडक दिवशी त्यांच्या अंगात जोरच उरत नाही.

कडक दिवशी काय करावे? तीन मिनिटांची फेरी धरावी. तिच्यात पंधरा सेकंद पूर्ण जोराने पट काढण्याचे प्रयत्न, पंधरा सेकंद नुसती पकड व पावले, असे आलटून पालटून चालावे. तीस सेकंद विश्रांती, मग दुसरी फेरी. ही झाली एक लढत. आठ-दहा मिनिटे चालत राहून पुन्हा तसेच, एकूण दोन किंवा तीन वेळा. दुसरा प्रकार ताज्या जोडीदारांचा. एक मल्ल मध्ये उभा राहतो आणि दर मिनिटास नवा जोडीदार त्याला भिडतो. हा फार कडक व्यायाम आहे. नवख्यांना तो देऊ नये आणि जुन्यांनाही आठवड्यातून एकदाच द्यावा. दोन कडक दिवसांमध्ये निदान अठ्ठेचाळीस तासांचे अंतर हवे.

आठवड्याचा भार वाढवायचा तर एकदम न वाढविता दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावा. स्पर्धेपूर्वीच्या आठ-दहा दिवसांत व्यायामाचा वेळ निम्म्यापर्यंत खाली आणावा, मात्र जो थोडा व्यायाम करावयाचा तो वेगानेच करावा. स्पर्धा जवळ आली म्हणून मेहनत दुप्पट करणारा मुलगा थकवा घेऊनच गादीवर उतरतो. शेवटच्या आठवड्यात नवा दम तयार होत नसतो. असलेला टिकवायचा असतो.

सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, नाडी मोजण्याची सवय लावावी. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके अधिक पडत असतील, झोप नीट लागली नसेल, मन चिडचिडे झाले असेल, तर तो दिवस हलका ठेवावा. हे आळशीपणाचे लक्षण नव्हे. शरीराने केलेली ती तक्रार असते आणि ती वेळीच ऐकलेली बरी.

जुन्या व्यायामांचे स्थान

हे सर्व वाचून कोणी असे समजू नये की तालमीतील जुने व्यायाम टाकाऊ आहेत. जोर, बैठका, सपाट्या यांनी खांदे, छाती, कंबर व मांड्या बळकट होतात. रस्सी चढण्याने पकड व पाठ यांना जो लाभ होतो तो पुष्कळ आधुनिक यंत्रांनीही होत नाही. मल्लखांबाने अंगाला तोल व लवचिकपणा येतो. फावड्याने हौदा उकरणे हा तर पाठ, कंबर, मनगट आणि श्वास यांचा एकत्रित व्यायाम आहे. जुन्या वस्तादांना विश्रांतीचे मोल ठाऊक नव्हते असेही नाही. दुपारची झोप, अंगाची मालिश, लढतीनंतर अंगावर माती टाकून शांत बसणे, हे सारे त्यांनीच शिकविले.

मात्र संख्येच्या मागे लागणे सोडावे. तीनशे बैठका सहज मारणाऱ्याने सहाशे मारल्या तर त्याची सोशिकता वाढते, पट काढण्याचा वेग वाढत नाही. त्यापेक्षा जोडीदाराला खांद्यावर घेऊन दहा बैठका झटक्यात माराव्यात, विश्रांती घ्यावी आणि पुन्हा माराव्यात.

आणखी एक इशारा. नव्याने आलेल्या किंवा आजारातून उठलेल्या मुलाला एकदम शेकडो बैठका मारावयास लावणे, तेही शिक्षा म्हणून, हे धोक्याचे आहे. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मांड्या सुजून अतोनात दुखू लागल्या आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वजन उतरविण्याचा अघोरी मार्ग

आमच्या माहितीतील एका विद्यार्थ्याची गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. जिल्ह्याच्या निवड चाचणीपूर्वी त्याचे वजन तीन किलो जास्त भरत होते. दोन दिवस त्याने पाणी तोडले, जेवण सोडले, अंगावर प्लास्टिकचा कागद गुंडाळून भर उन्हात धावला. वजनात बसला. पहिल्या फेरीत पुढेही होता. दुसऱ्या फेरीत त्याच्या पायांत गोळे आले आणि ज्या मुलाला तो सरावात नेहमी हरवी त्याच्याकडून तो हरला. कोणी त्याला बळजबरी केली नव्हती, पण कोणी अडविलेही नाही. न अडविणाऱ्यांत आम्हीही होतो. वजन झाले ना, मग बरे झाले, असेच आम्ही त्या सकाळी म्हटले. तो मुलगा पुन्हा तालमीत गेला नाही.

असे का होते? स्नायूंतील प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. उपास व घाम यांनी झटपट वजन उतरते ते याच साठ्यातून. म्हणजे मल्ल आपल्या काटक्याच घराबाहेर टाकून येतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी दमावर परिणाम दिसू लागतो. साठ किलोच्या मुलास हे प्रमाण फक्त १,२०० ग्रॅम आहे. पाणी काही तासांत थोडेफार भरून येते, पण रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरण्यास साधारण एक दिवस लागतो. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लढतींच्याच सकाळी वजन होते. तेवढा वेळ मल्लाजवळ नसतोच.

प्रश्न केवळ हरण्या-जिंकण्याचा नाही. १९९७ साली अमेरिकेत अवघ्या पाच-सहा आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविण्याच्या प्रयत्नात मरण पावले. पाणी तोडून, घाम न सुकू देणारे कपडे घालून, तापलेल्या खोलीत ते व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथे असे कपडे व अशा खोल्या यांवर बंदी आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट एका दिवसात तीन लढती जिंकून ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. रात्रभर केलेले प्रयत्नही अपुरे पडले. त्याच स्पर्धेत ५७ किलो गटात अमन सेहरावतने कांस्यपदक मिळविले, पण त्यासाठी रात्रभरात त्याला साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवावे लागले. त्याच्याभोवती जाणत्या प्रशिक्षकांचा व वैद्यकीय मदतनिसांचा ताफा होता. आपल्या शाळकरी मुलांनी त्याचे अनुकरण करणे म्हणजे जिवाशी खेळ. या ५७ किलो गटाचे सुवर्णपदक जपानच्या रेई हिगुची याने जिंकले. हाच हिगुची २०२१ च्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत केवळ ५० ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाला होता.

मग काय करावे? वाढत्या वयाच्या मुलाने शक्यतो वजन उतरवू नये, वरच्या गटात खेळावे. खाशाबादेखील लंडनमध्ये सर्वांत हलक्या गटात खेळले आणि पदक मिळविले ते त्याच्या वरच्या गटात, हे लक्षात ठेवावे. उतरवायचेच झाले तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून अधिक नको. साठ किलोच्या मुलास ६०० ग्रॅम. म्हणजे तीन किलोंसाठी पाच आठवडे लागतील, दोन दिवस नव्हेत. मुलींच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. पुरेसे न खाता कडक मेहनत केल्यास पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे कमकुवत होतात. तसे आढळल्यास संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे.

खुराक आणि झोप

बदाम, तूप, थंडाई यांचा खर्च परवडत नाही म्हणून मुलाला तालमीत घालत नाही, असे सांगणारे पालक आम्हांस भेटतात. त्यांच्यासाठी हे सांगणे आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि तेवढ्याच बदामांत सुमारे २१. किमतीतील फरक आपण जाणताच. एका अंड्यातून सहा ग्रॅम, पाव लिटर दुधातून सुमारे आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाजलेले चणे, डाळी, मटकी, सोयाबीन, सुकट-बोंबील, ही सारी मल्लाचीच अन्ने आहेत. कसून मेहनत करणाऱ्या साठ किलोच्या मुलास दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. परंतु केवळ प्रथिनांच्या मागे लागून भाकरी, भात, चपाती, बटाटे कमी करू नयेत. काटक्या त्यांतूनच मिळतात. कडक मेहनतीनंतर तासाभरात पोटभर जेवण झाले, तर दुसऱ्या दिवशीचे अंग हलके राहते. डब्यातून मिळणाऱ्या भुकट्या व कोणी गुपचूप दिलेली इंजेक्शने यांपासून मात्र दूर राहावे. बंदी घातलेले द्रव्य चुकून पोटात गेले तरी शिक्षा मल्लालाच होते.

झोप हा सर्वांत स्वस्त खुराक आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक आहे. स्नायूंची डागडुजी झोपेतच होते आणि दिवसभराचा अभ्यासही झोपेतच मनात मुरतो. पहाटे चारला उठून तालमीत जाणाऱ्या मुलाला रात्री अकरापर्यंत घरकामाला किंवा मोबाइलपुढे बसवून ठेवणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. ज्या घरात एकच खोली आहे तेथे हे अवघड आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही परीक्षेच्या काळात मुलासाठी दिवा लवकर मालविणारी घरे आम्ही पाहिली आहेत. स्पर्धेच्या काळातही तेवढे करता येईल.

एक विनंती

विद्यार्थी मित्रांनो, एक साधी वही करा. तिच्यात चार रकाने आखा : सकाळची नाडी, झोपेचे तास, वजन आणि दिवसाचा भार. रोज दोन मिनिटे लागतील. महिन्याभरात तुम्हांलाच दिसेल की कोणत्या आठवड्यानंतर अंग सावरले आणि कोणत्या आठवड्यानंतर खचले. आपल्या वस्तादांना ती वही दाखवा. अनुभवी वस्ताद नुसत्या चेहऱ्यावरून जे ओळखतात, ते तुमच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.

पालकांना व सभासदांना आमची विनंती अशी की, मुलगा हरून आला तर ‘मेहनत कमी पडली’ असे लगेच म्हणू नका. आधी त्याची वही मागा. किती झोपला, किती जेवला, पाणी तोडले होते का, आदल्या आठवड्यात सुट्टी घेतली होती का, हे विचारा. त्या जिल्हा चाचणीच्या सकाळी आम्ही एवढे विचारले असते, तर आमच्यातला एक मल्ल कदाचित आजही गादीवर दिसला असता. अशा वह्यांची एक चवड आम्ही अभ्यासिकेच्या कपाटात ठेवली आहे. ज्याला हवी त्याने घेऊन जावी.